शुक्रवारचा ब्रेक

वारजे, पुणे
रविवार, १२ जानेवारी २००३

ती. रंगूदादांस,
ज्ञानदेवाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि वहिनी मधे बसून माझ्या चार वाक्यांचं एक करून तुम्हाला सांगतात. त्यापेक्षा पत्र बरं. पुलगावला थंडी कडाक्याची असेल. इथेही आहे, आणि तिनेच माझा घात केला.

गुरुवारी रात्री तीनच्या सुमारास उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडतच उठलो. द्वारकेने अंगठा धरून पाऊल वर ओढलं, नम्रता घाबरून उठून आली, खालच्या बिऱ्हाडात दिवा लागला. बस चालवणारा गडी लहान पोरासारखा रडला, असं द्वारका आता येईल त्याला सांगते. गोळा पाच मिनिटांत सुटला, पण पोटरी आतून ठेचल्यासारखी झाली. टाच टेकवली की डोळ्यांपुढे अंधारी. द्वारका म्हणाली, आज रजा टाका. पण ज्या कॉम्प्युटर कंपनीला आमच्या गाड्या लावल्या आहेत, तिने आमच्या मालकांना, हिंमतरावांना, कळवलं आहे की पन्नाशीपुढचे ड्रायव्हर पुढच्या महिन्यात तपासून घ्या. मी एक्कावन्नचा. पाय दुखतो म्हणून रजा टाकणं म्हणजे आपणहून गळ्यात धोंडा बांधून घेणं. नम्रताचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे.

तेव्हा गेलो. सकाळची फेरी वारज्याहून हडपसरपर्यंत दात आवळून केली. मागे चाळीस मुलं-मुली कानात वायरी घालून झोपलेली, त्यांना कसला पत्ता? दुपारी बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत होते. लंगडताना कोणी बघू नये म्हणून मी गाडीतच बसून राहिलो, लघवीलासुद्धा उतरलो नाही. संध्याकाळी परतताना स्वारगेटच्या अलीकडे रिक्षा आडवी आली आणि ब्रेक एकदम धरला. शेफाली नावाची मुलगी उतरायला म्हणून पुढे येऊन उभी होती, ती इंजिनच्या झाकणावर तोंडघशी पडली. दोन दात गेले, मनगट मोडलं. आमचे फिटर मच्छिंद्र यांनी आदल्याच दिवशी ब्रेकचे लायनर बदलले होते. हिंमतरावांनी त्यांना त्याच संध्याकाळी काढून टाकलं. वाईट वाटलं, माणूस चांगला होता. काल त्याच गाडीने कंपनीची सहल सासवडला नेऊन आणली.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. तो खाऊन वहिनींशी दोन दिवस तरी गोड बोला. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
ज्ञानदेव


पुलगाव
१८ जानेवारी २००३

चि. ज्ञानदेवास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ मिळाला. मला दात नाहीत या सबबीवर तुझ्या वहिनीने सगळ्या वड्या एकटीने संपवल्या.

पायाचं म्हणशील तर पाणी पीत जा. लघवीला थांबावं लागू नये म्हणून आपण ड्रायव्हर लोक दिवसभर पाणी टाळतो आणि रात्री बोंबलतो. झोपताना मोजे घाल.

आता दुसरं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी एकतीस वर्षं एस.टी. चालवली आहे. लायनर चुकीचा बसून धरला तर गाडी एका अंगाला ओढते. तू तसं काही लिहिलं नाहीस. शुक्रवारी बिघडलेला ब्रेक शनिवारी आपोआप शहाणा होत नाही. आणि सासवडला तू दिवे घाटाने गेलास ना? ज्या ब्रेकने एका पोरीचं तोंड फुटलं, तो ब्रेक घेऊन तू भरली गाडी घाटातून उतरवलीस. म्हणजे ब्रेकला काही झालेलं नाही हे तुला ठाऊक होतं.

उजवी पोटरी दुखत असली की माणूस हळूच डावा पाय ब्रेकवर नेतो. गर्दीत, गाडी सावकाश चालत असली की ते खपून जातं. पण डाव्या पायाला फक्त क्लच ठाऊक, तो दाबतो तो तळापर्यंत. शिकत असताना तू हेच केलं होतंस आणि मी तुझ्या नडगीवर पाना हाणला होता. मी चुकत असेन तर तसं लिही. तुझी माफी मागायला मला आनंदच होईल.

द्वारकेला व नम्रताला आशीर्वाद. कळावे.

रंगराव


वारजे, पुणे
२६ जानेवारी २००३

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही चुकत नाही.

रामटेकडीपासूनच मी डावा पाय वापरत होतो. उजवा उचलला की पोटरीतून कळ थेट कमरेपर्यंत जात होती. रिक्षा आली आणि तुम्ही लिहिलंत तसंच झालं. हिंमतराव आले तेव्हा त्या मुलीचं रक्त माझ्या बाहीला लागलेलं होतं. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. ब्रेक धरला, एवढंच मी म्हणालो. दादा, मच्छिंद्रांचं नाव मी घेतलं नाही. ते त्यांनी घेतलं, मी फक्त मान हलवली. या एका गोष्टीचा आधार धरून मी आठवडाभर जेवत होतो.

पुढचं ऐका. संक्रांतीच्या संध्याकाळी मच्छिंद्र आणि त्यांची बायको मैना आमच्याकडे आले. मला वाटलं जाब विचारायला आले. ते माझी माफी मागायला आले होते! म्हणाले, लायनर बसवला तेव्हा घरी पाव्हणे यायचे होते, घाई झाली असंल, माझ्या हातनं तुमच्यावर बालंट आलं. लेकीगत पोरगी मरता मरता वाचली हाय, आता जन्मात ब्रेकला हात लावायचा नाय. मैनाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवाळवाडीच्या एका गॅरेजने त्यांना बोलावलं होतं, तिथे गेले नाहीत. सोलापूर रस्त्याला पंक्चर काढतात. वीस वर्षांचा फिटर, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा. द्वारकेने तिळगूळ दिला आणि मी गोड बोला म्हणालो. माझ्या तोंडून ते शब्द निघाले, दादा.

मला लाज वाटते आणि भीतीही वाटते. भीती जास्त वाटते. काय करू ते लिहा.

ज्ञानदेव


पुलगाव
३१ जानेवारी २००३

ज्ञानदेवास आशीर्वाद.

काय करायचं ते तुला कळतं, तरी मला विचारतोस, म्हणजे मी नको म्हणावं अशी तुझी इच्छा आहे. मी नको म्हणणार नाही. मालकाकडे जा आणि मच्छिंद्रकडेही जा. तोंडाने सांग. नोकरी गेली तर इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत, नम्रताचं वर्ष आपण दोघं मिळून पुरं करू.

सांगून झाल्याखेरीज मला पत्र लिहू नकोस.

रंगराव


वारजे, पुणे
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

सांगून झालं, म्हणून लिहितो आहे.

बुधवारी हिंमतरावांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाले, फिटरची चूक होती, त्याला काढला, असं कंपनीला लेखी गेलं आहे आणि त्यावरच त्यांनी आपल्या गाड्या ठेवल्या आहेत. आता ड्रायव्हरची चूक म्हटलं तर चौदाही गाड्या बंद होतील, तेरा जणांच्या घरी तुम्हीच जाऊन सांगा. मग आवाज खाली आणून, पायासाठी चांगल्या डॉक्टरकडे जा म्हणाले. तपासणीच्या यादीतून माझं नाव त्यांनी माझ्यादेखत खोडलं. मी नको म्हणालो नाही.

काल मच्छिंद्रांकडे गेलो. रस्त्याच्या कडेला ट्यूब पाण्यात बुडवून बसले होते. मी सगळं सांगितलं, रात्रीच्या गोळ्यापासून मान हलवण्यापर्यंत. ते ऐकून हसले. म्हणाले, मैनानं धाडलं ना तुम्हाला? माझ्या हाताला धीर यावा म्हणून तुम्ही सोताच्या अंगावर घेताय. मी नम्रताची शपथ घेतली. त्यावर ते घाबरून म्हणाले, पोरीची खोटी शपथ घेऊ नका, मी एवढा मोठा नाय.

गाडी जवळच उभी केली होती. मी म्हणालो, चला, ब्रेकचा ड्रम उघडा आणि लायनर डोळ्यांनी बघा. ते चाकापर्यंत आले. पाना हातात घेतला, नटाला लावला, आणि तसाच जमिनीवर टाकून दिला. मी उचलून पुन्हा दिला. त्यांनी घेतला नाही. मग माझ्या पायाला हात लावून म्हणाले, तुमच्यासारखा माणूस बघितला नाय. मी खरं तेच पुन्हा पुन्हा सांगत होतो, दादा, आणि जितकं सांगेन तितका त्यांच्या नजरेत मोठा होत होतो.

नोकरी आहे. पोटरी आता दुखत नाही. द्वारकेला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या सहाला गाडी काढायची आहे, आणि तिचे ब्रेक मच्छिंद्रांनीच बसवलेले आहेत. इतके चांगले ब्रेक मला आजवर कोणत्याही गाडीला मिळाले नव्हते.

लोभ असू द्या, असं शेवटी लिहायची रीत आहे. आज ते लिहायला हात धजत नाही.

ज्ञानदेव