जयराजचा डावा पाय

धाड, सोमवार, ५ सप्टेंबर १९६६
प्लास्टर काढून आज अकरा दिवस. यांनी पाय अजून भुईला लावला नाही. ट्रकवर पोत्यांना दोर बांधताना पडले, डावा पाय मोडला, दोन महिने झाले. बुलढाण्याचे डॉक्टर स्पष्ट बोलले, हाड जुळलं, आता चाला, नाहीतर गुडघा असाच धरेल. हे बाजेवर, भिंतीकडं तोंड. काठी कोपऱ्यात ठेवली होती, तिथंच आहे.
ट्रकचे मालक येऊन गेले. दसऱ्यापर्यंत गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देत नाही म्हणाले. त्यानंतर मिरचीचा माल सुरू होतो, मग थांबता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे.
वांगी तोडली. दोन टोपले. सुमन सासरी गेल्यापासून तोडायला मी एकटीच.

मंगळवार, ६
शाळेच्या गुरुजींनी हेरकथेचं पुस्तक आणून दिलं. वाचून दाखवा, यांचं मन रमेल, म्हणाले. मी दुसरी शिकलेली. पुढं प्रौढांच्या वर्गात गुरुजींनीच अक्षर बसवलं, ही वहीही त्यांचीच, रोज चार ओळी लिहायच्या. नाही म्हणवलं नाही.
जयराज नावाचा सरकारी हेर आहे. पहिल्याच पानावर दोन मुडदे. बोट ठेवून वाचावं लागतं, सात पानांत तोंड कोरडं पडलं. हे ऐकत होते का झोपले होते, भिंतीला ठाऊक.

गुरुवार, ८
जयराजच्या मांडीत गोळी लागली. डाव्याच. पुढच्या पानावर तो बारा फुटांची भिंत ओलांडून पळतो.
हे ताडकन उठून बसले. "कोण्या गाढवानं लिहिलं हे? मांडीत गोळी म्हंजे काय बाभळीचा काटा हाय?" बारा फूट म्हणजे किती ते दाखवायला हात वर केला अन् तोल सावरायला पाय बाजेखाली सोडला. बोटं भुईला टेकली.
मी पुस्तकातच पाहत राहिले. बोलले असते तर उचलून घेतला असता.
दोन महिने धीर देऊन पाहिला. यांना धीर नको, राग पाहिजे.

रविवार, ११
तीन दिवसांत जयराज धावत्या आगगाडीतून उडी मारून टोपीसकट उभा राहिला, बांधल्या हातानं विहिरीतून वर आला. हे दोन्ही पाय खाली सोडून बसतात आता. भांडायला बरं पडतं.
गुरुजी आले, त्यांच्याशीही भांडले. गुरुजी म्हणाले, करमणुकीचं पुस्तक आहे, त्यात खरंखोटं काय पाहायचं, दोन घटका रमलो की झालं. हे म्हणाले, पिस्तूल काय वाट्टेल ते असो, आभाळातलं इमान झाडावर उतरवा, मले काही म्हणायचं नाही. पण जे माणसाले ठाऊक हाय ते त खरं पायजे. गुरुजी म्हणाले, ज्याला त्याला वेगळंच ठाऊक असतं, मग लेखकानं लिहावं तरी काय. दोघंही चहा गार करून बसले.
मला दोघांचंही पटलं नाही. माझं काम पायाशी आहे.

मंगळवार, १३
घात झाला. जयराज कचेरीत बसून गुप्त चिठ्ठ्यांचा अर्थ लावतो आहे. पंचवीस पानं. सगळं होण्यासारखं, एक थाप नाही. हे झोपले. पाय पुन्हा बाजेवर, उशी घेऊन.
पुढं चाळून पाहिलं. शेवटपर्यंत तसंच. खुर्चीवर बसूनच शत्रू पकडला मेल्यानं.

बुधवार, १४. पोळा
बैल पुजायला नाहीत आपल्याकडं, शेजारच्यांच्या बैलांना पोळी घातली.
मी मनाचं वाचलं. पुस्तकात नसलेलं. आधी या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं, पुस्तकात वही धरली. यांना वाचता येत नाही, सही तेवढी येते. जयराजनं ट्रक विहिरीवरून उडवला असं घातलं.
हे हसले. खूप हसले. पण हसून पाय हलत नाही. एवढी मोठी थाप उपयोगाची नाही. राग यायला थापेत अर्धं खरं लागतं.
गुरुजींचा तो लेखक आयतं बसून लिहितो वाटलं होतं. तसं नसेल.

शुक्रवार, १६
आज जमलं. जयराज भरला ट्रक घेऊन परदेशातला घाट उतरतो, शत्रू मागं. उतारावर चौथ्यातून एकदम पहिला गेर टाकतो, क्लचला पायच लावत नाही.
"क्लच न दाबता? घाटात? अन् भरली गाडी?" काठी मागितली. स्वतः मागितली. ती गेर म्हणून धरली. चुलीजवळची वीट पायापुढं ओढली, तो क्लच. एकदा दाबायचा, गेर मोकळा, मग ॲक्सिलेटर, पुन्हा दाबायचा, तेव्हा खालचा गेर पडतो. उतारावर एका दाबात होत नाही. डाव्या पायानं वीट दाबून दाबून दाखवलं. दाबताना ओठ आवळत होते.
म्हटलं, मला नाही समजलं, पुन्हा दाखवा. चार वेळा समजलं नाही मला.

सोमवार, १९
काठी घेऊन दारापर्यंत येतात. आज मी पकडले गेले.
घाट लांबवला होता. शेवटचा उतार बाकी. मी वाचलं की जयराजनं उताराच्या तोंडावर ट्रक उभा केला, उतरून नारळ फोडला, खोबरं वाहिलं, मग गाडी घातली. लिहिताना काही वाटलं नाही. नारळ न फोडता घाट उतरलेला ट्रक मी पाहिलेलाच नाही.
यांनी पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "शत्रू मांगं, अन् यानं नारळ फोडला?"
"हो."
"परदेशात?"
मी पान उलटलं.
"मले वाचता येत नाही, सुमनची माय. नारळ ओळखू येते."
कधीपासून विचारलं. पोळ्यापासून, सांगितलं. काऊन, कशासाठी, तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता. तुमी पाय टेकत नव्हते म्हणून. माणसाले लहान लेकरू समजते का, एवढं म्हणाले. भिंतीकडं वळले. पाय वर.

मंगळवार, २०
वाचलं नाही. काठी कोपऱ्यात. भेंडी तोडली, कोवळी होती, तरी तोडली. मी चुकले असं मला वाटत नाही. पाय गेला असता तर माझ्या खरेपणाला काय चाटायचं होतं.

बुधवार, २१
जेवताना एकदम म्हणाले, "त्या घाटातल्या ट्रकाचं काय झालं?"
"ते खोटं हाय."
"ठाऊक हाय मले. काय झालं ते सांग."
मी म्हटलं, मले पुढचं येत नाही, शेवटच्या उतारावर काय करतात ते तुमी सांगा, मी लिहीन. म्हणाले, बाजेवरून नाही सांगता येत, गेर हाती पायजे.
"गेर मालकाच्या गोठ्यापुढं उभा हाय," मी म्हटलं. "पोरं त्यावर चढून खेळतात."
वरण संपवलं. नाही म्हणाले नाहीत.

शनिवार, २४
गेलो. आपल्या दारापासून गोठा, मधी तीनदा थांबले. एका हाती काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. मालक समोरून येत होते, पाहून आत गेले. शहाणा माणूस.
चढायला वेळ लागला. मी दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसले, वही घेऊन. गाडी बंद. यांनी क्लच दाबला. पूर्ण गेला. गेर मोकळा. दुसऱ्यांदा दाबला, अर्ध्यात पाय थरथरला अन् घसरला. पुन्हा केलं. पुन्हा दुसऱ्यालाच घसरला. कपाळावरून घाम गळ्यात आला.
"लिही," म्हणाले. "जयराजचा पाय दुसऱ्या दाबाले घसरला."
"मंग गाडी जाईल खाली. मरते तो."
"खरं लिहायचं ना? मंग लिही."
मी लिहिलं. खाली आणखी लिहिलं अन् वाचून दाखवलं. शेजारी बसलेली बाई खाली उतरली अन् तिनं चाकाखाली दगड लावला.
"हेराच्या गाडीत बाई कुठून आली?"
"घरून आली."
"चालत्या गाडीतून उतरून दगड? उतारावर? होत नाही तसं."
"तुमच्या जयराजनं बारा फुटाची भिंत ओलांडली. एक थाप मले माफ करा."
यांनी काचेतून समोर पाहिलं. समोर गोठ्याची भिंत, तिच्यावर गोवऱ्या.
"दगड केवढा?" म्हणाले.
मी दोन्ही हातांनी दाखवला.
"लहान हाय," म्हणाले, अन् पाय पुन्हा क्लचवर ठेवला.