पाटावरचा पाना

बाबा, काल खंडेनवमी होती. पाटावर तुमची अवजारे मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू वाहिले, आणि प्लग खोलायच्या त्या नळीसारख्या पान्यापाशी माझा हात दरवर्षीप्रमाणे थबकला. तुम्हांला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी त्या पान्यावर फूल ठेवताना माझ्या मनात भक्ती नसते, संताप असतो. वडिलांशी असे बोलू नये, एवढे आयुष्यभर पोथ्या वाचून मला कळलेच आहे. परंतु मनात हे ठेवून वर पूजा करीत राहणे, हा मला आता अधिक मोठा अधर्म वाटतो.

हा संताप ज्या वर्षीचा, त्या वर्षीच्या नवमीला मला रामटेकला जायचे होते. गडाखालच्या एका लहान देवळात नवरात्राचे प्रवचन होते, माझे पहिलेच. दुपारी निघायला गेलो तर स्कूटर सुरू होईना. प्लग काजळला आहे, हे तुम्हीच आतून नुसत्या आवाजावरून सांगितलेत. काढून पुसायला दोन मिनिटे पुरली असती, पण पाना पाटावर होता. मी धोतर नेसून, काखेत पोथी घेऊन अंगणात उभा आहे आणि तुम्ही देवघराच्या उंबऱ्यात.

"बाबा, पाना द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"आज नाही भेटत. आज तो देव आहे गा. देवाले कोणी प्लग खोलायले लावते काय? उद्या उत्तरपूजा झाली का मग दिवसभर वापर."

कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर म्हणून वर्षभर ज्या लोखंडाशी तुम्ही झुंजत होता, त्याला एक दिवस विश्रांती देण्याचा तुमचा नेम मला मान्यच होता. पण त्याच दिवशी तुमच्या मुलाला जन्मात पहिल्यांदा व्यासपीठावर बसायचे होते, हे त्या नेमात कुठेच बसले नाही.

मी शेजाऱ्यांचा उघड्या तोंडाचा पाना आणला. तो सटकू लागला म्हणून त्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि तिरपा जोर केला. कटकन आवाज झाला. प्लगचे डोके माझ्या हातात आले आणि आट्यांचा भाग इंजिनच्या हेडमध्येच रुतून राहिला. मी पेचकसाने कोरत बसलो. शेजारी भिंतीवरून पाहत होते. "पंडितजी, एखादा मंत्र मारून पाहा ना, येईल निघून!" तुम्हीही बाहेर येऊन हसलात. ते हसणे मी विसरलेलो नाही. त्या खटाटोपात हाताशी असलेली बस गेली. पुढच्या बसने पोचलो तेव्हा आरती आटोपली होती. माझ्या जागी बसलेले गृहस्थ शाल सांभाळीत उतरत होते आणि माझ्या नखांत काजळी होती. घरी आलो तर तुमचे पहिले वाक्य, "पाइप लावून पिळला काय? प्लग होता गा तो, ऊस नाही."

दसऱ्याला उत्तरपूजा होताच तुम्ही कामाला बसलात. हेड उतरवून उलटे धरले, म्हणजे कीस आत पडू नये. आट्यांत रॉकेल मुरू दिले, कानशीची चौकोनी शेपटी रुतलेल्या तुकड्याच्या भोकात हलकेच ठोकून बसवली आणि उलट दिशेने, श्वास रोखून, फिरवली. तुकडा मुकाट्याने बाहेर आला. मग सिलेंडरमध्ये वाकून पाहिलेत आणि चेहरा बदलला. पिस्टनच्या माथ्यावर तुटलेल्या प्लगच्या चिनी मातीची एक कपची पडली होती. "हे राहिली असती तर सिलेंडर फाडला असता," म्हणत देवघरातली तुपात भिजवलेली फुलवात मागवलीत आणि तिच्या टोकाला ती कपची अलगद चिकटवून उचललीत.

"ही वात चालते?" मी विचारले.

"चालते. देवापुढं लावेल नव्हती ना अजून."

बाबा, हा कोणता न्याय? देवाची वात चालली, देवाचा पाना चालला नाही! मी नंतर धर्मशास्त्राचे जेवढे ग्रंथ हाती लागले तेवढे धुंडाळले. आयुधांची पूजा करावी असे आढळले. अडलेल्याला ती नाकारावीत असे कुठेही आढळले नाही. रामटेकहून पुन्हा बोलावणे आले नाही. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो. व्यासपीठाची पायरी काही चढलो नाही. याला कारण तुम्ही, असे मी इतकी वर्षे स्वतःला बजावीत आलो.

काल तुमची नात, माझी मुलगी, रुग्णालयात ड्युटीवर निघाली होती. तिची गाडी सुरू होईना. ती देवघरात आली आणि म्हणाली, "बाबा, प्लगचा पाना घेते." आणि माझ्या तोंडून काय निघावे? "आज नाही. आज तो देव आहे." तिने पाटाला नमस्कार केला, पाना उचलला, दोन मिनिटांत प्लग पुसून बसवला आणि काळवंडलेला पाना फुलासकट जागेवर ठेवला. मी ओरडलो. "काहून चिडून राहिले?" ती हेल्मेट घालता घालता म्हणाली. "देवानं काही म्हटलं काय?" आणि गेली.

रागावलो, असे तिला सायंकाळीही सांगितले. ते खरे नाही. मला तिचा हेवा वाटला. त्या दिवशी 'नाही भेटत' म्हणून तुम्ही आत जेवायला गेला होता. देवघराचे दार उघडे होते. पाना माझ्यापासून चार पावलांवर होता, आणि मी शेजाऱ्यांकडे गेलो.

हे लिहिले आहे, पण ठेवायचे कुठे ते सुचत नाही. पोथीत ठेवावे तर तुमची नात पोथी उघडते. तिला मी अजून रागावलेलाच आहे असे वाटते, आणि तूर्त मी ते तसेच वाटू देणार आहे.