कुलूप असलेली शाळा

२ जून, सोमवार
किती दिवस झाले, वहीला हात लावला नाही. लिहायचं म्हटलं की निकाल लिहावा लागतो, म्हणून टाळलं. तर: अकरावी नापास. हजेरीच नव्हती, पेपर कुठून येणार. कॉलेजला म्हणून निघायचो आणि पाय भलतीकडेच. खडकवासल्याला पाण्यात पाय सोडून डबा खाणे, परत घरी. वर्षभर हेच शिक्षण.

आता ठरवलंय. ताम्हिणीच्या रस्त्याला ट्रस्टची निवासी शाळा आहे, अकरावी-बारावीपण आहे. फी नावापुरती. तिथे अकरावी पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेलं तर जाऊ दे. मला कुणीतरी आत घालून बाहेरून कुलूप लावलं पाहिजे. इथे विश्रांतवाडीत राहिलो तर पुढच्या जूनलाही हेच लिहीन.

शेजारच्या अझरला सांगितलं. म्हणाला, "लोक भिंतीवरून उडी मारून बाहेर पडतात. तू आत मारणारेस?"

३ जून
दाखला आणायला निघालो. वाटेत जेसीबी एक जुनी पाण्याची टाकी पाडत होता. बघत उभा राहिलो. पंधरावीस जण होते, मी एकटाच नाही. कॉलेजात पोचलो तर खिडकी बंद. आत क्लार्क डबा खात होते. "या, या! आज कशी काय वाट चुकलात?" उशीर का विचारलं, तर खरं ते सांगितलं.
"उद्या या. उद्याही जेसीबी असेल तर परवा या."

४ जून
दाखला मिळाला. कुठेही न बघता गेलो, तसाच आलो. मग घरी सांगितलं. वाटलं होतं, आई खूश होईल.
भाकरी थापत होती. हात थांबला. "काऊन रे? घरात तुले काय कमी हाय?"
काही नाही, म्हटलं.
"मंग? अकोल्याहून इथं कायले आलो आम्ही? तुमच्या शिक्षणापायीच ना? अन् आता तुले दुसऱ्याच्या दारात टाकू? लोकं म्हणतीन, पोट्टं डोईजड झालं."
मी म्हटलं, तू कुठे टाकतेस, मी स्वतःच जातोय. ते तर तिला जास्तच लागलं.
बाबा हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. घरी येतात ते अर्धे झोपलेलेच. म्हणाले, "तुह्या मायचं काय म्हणणं हाय ते पाह्य." संपलं.
शाळेतली मुलाखत ९ला. पालक सोबत हवेतच.

७ जून
आई बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. पिंकीला, म्हणजे धाकटीला, मध्ये घालते. "दादाले विचार, भाजी पाहिजे का." मी समोरच बसलेलो. पिंकी विचारतेपण, "दादा, भाजी?" कुणी हसत नाही.
तयारीला बसलो होतो. खिडकीतून लोहगावला उतरणारी विमानं दिसतात. एक, मग दुसरं. संध्याकाळ झाली. माझं काय होणार आहे?

९ जून
परतीच्या एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय.
एकटाच गेलो. रेक्टर सर: पिकलेल्या मिशा, गुडघ्याला पट्टा. पहिलाच प्रश्न, "पालक?" तोंडातून निघून गेलं, बाबा बाहेर गाडी लावतायत. सर उठले. "मग त्यांना चहाला बोलावू." लंगडत गेटपर्यंत गेले, मी मागे मागे. बाहेर एक म्हैस. बाकी रस्ता रिकामा. सर बराच वेळ म्हशीकडे बघत राहिले.
"छान लावलीय गाडी," म्हणाले.
मग गेटपाशीच सगळं खरं सांगितलं. नापास, आई, पाय भलतीकडे जातात ते. मला घ्या, बाहेरून कडी घाला, पुढचं मी करतो. रडलो बहुतेक.
सर म्हणाले, "गेट बघितलंस?"
बघितलं. कुलूप नाही. कडीसुद्धा नाही. सुतळीने बांधलेलं.
"तीपण म्हशींसाठी. पोरांसाठी काही नाही. ज्याला जायचं तो जातो." आणि मग, "बारा तारखेला यादी लागेल. पालकांच्या सहीशिवाय नाव येणार नाही."
सुतळी!
ज्यासाठी एवढं केलं ते तिथे नाहीच. आणि तरी तिथेच जायचंय, आता तर जास्तच. एका वर्गात एक मुलगा खिडकीशी बसलेला. बाहेर अख्खा डोंगर, आणि तो वहीत बघत होता. त्याला कुणी बांधलेलं नव्हतं. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. हे कसं करतात?

१० जून
आईला सांगून पाहिलं. म्हटलं, मला माझाच भरवसा नाही गं.
आई पिंकीला म्हणाली, "दादाले सांग, मले हाय."
त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर

११ जून
उद्या यादी. सकाळी सहीसाठी बाबांना गाठायला हिंजवडीला गेलो. पोचलोपण, कुठेही न थांबता. बाबा रिकाम्या बसच्या मागच्या सीटवर झोपले होते. उठवलं. कागद पूर्ण वाचला त्यांनी, दोनदा. परत दिला. "तिच्या माघारी नाही करत मी सही. मले राहायचं हाय त्या घरात."

आता गच्चीवर. ऊन उतरलंय. काही सुचत नाही. सायकल खाली मागच्या जिन्याशी आहे. आळंदी रस्त्याला लागलं की सरळ, कुठपर्यंत का असेना. परत आलोच नाही तर आईचा भरवसा तरी तुटेल, आणि मग

थांब. पिंकी आली. धापा टाकतेय. "दादा, एक सर आलेत, मोटारसायकलवर. पांढऱ्या मिशा. तुझ्या त्या शाळेचे म्हणे."
रेक्टर सर? तो गुडघा घेऊन, तिथून इथे?
आई काय करतेय, विचारलं.
"खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं. मग मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, दादाले सांग, हाक मारल्याशिवाय खाली यायचं नाही."
आतून आवाज येतोय का? "येतोय. आईचाच येतोय."
पिंकी परत खाली गेली. मागचा जिना मोकळाच आहे.
बसलोय.