हातोड्याची खाच

दि. २९ जून

प्रिय दादा,

आम्ही बरे आहोत. तूही मजेतच असशील. नव्या घराला रंग लागला असं वहिनी फोनवर म्हणाली. इथे पाऊस हटायचं नाव घेत नाही. कपडे खोलीतच वाळतात आणि घरभर दमट वास येतो. बाबांचं बोलणं अजून परत आलेलं नाही, पण औषधाच्या वेळी माझ्यावर डोळे वटारता येतात, म्हणजे बरंच म्हणायचं.

बाबा वनखात्यातून निवृत्त झाल्यावर तू आलास आणि त्यांचा शिक्क्याचा हातोडा, तोडीला मंजूर झाडांवर मारायचा तो, मागून नेलास. "आठवण म्हणून ठेवतो गं," म्हणालास, डोळ्यांत पाणी आणून. आई विरघळली. मीसुद्धा.

मग वरच्या जंगलातली झाडं पडू लागली. प्रत्येक ओंडक्यावर बाबांचा शिक्का, त्यामुळे गाड्या नाक्यावरून बिनबोभाट सुटायच्या. म्हाताऱ्याने जाता जाता जंगल विकलं, असं सगळीकडे झालं. दुकानदार त्यांना तोंडावर चोर म्हणाला. त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात कोसळले, उजवी बाजू आणि वाचा गेली. तू फळं घेऊन आलास, त्यांचे पाय चेपत बसलास. बाकी सगळं एक वेळ विसरेन, ते पाय चेपणं नाही.

मी वनरक्षक झाले तेव्हा तू हसला होतास. गेल्या महिन्यात माझी बदली त्याच वरच्या जंगलात झाली. तिथे एक प्रचंड झाड आडवं पडलेलं होतं. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी, अंड्यांसाठी स्वतःला आत लिंपून घेतलेली, पिलासकट मेलेली. घरटं असलेल्या झाडाला बाबांनी जन्मात हातोडा लावला नाही. मी तिथेच बसून रडले. मग खुंटावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं, तर कडेला खाच लागली.

दादा, हातोडा रद्द झाला की कानशीने त्याच्या कडेला खाच पाडतात. खाचेचा शिक्का म्हणजे तो निवृत्तीनंतर मारलेला. बाबांनी ती माझ्यासमोर पाडली. त्या दिवशी तुला बोलावलं होतं, तुला वेळ नव्हता. नाक्यावरच्यांना ती दिसली कशी नाही, ते आता त्यांनाच विचारताहेत.

मी साहेबांना वर नेलं, एकेक खुंट दाखवला. करवती जप्त झाल्या, तोड थांबली. उरलेलं जंगल उभं आहे. हातोडा कुणाकडे आहे तेही मीच सांगितलं. न्यायबिय नंतर, मला आधी सूड हवा होता. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचनात.

आई म्हणाली, "काही झालं तरी सख्खा भाऊ आहे गं, त्याला आधी सावध कर." केलं असतं, तर तू हातोडा नदीत टाकला असतास. म्हणून हे पत्र टपालाने पाठवलं नाही. ते तुझ्या हातात देणारे साहेब अजून दारातच उभे असतील. त्यांना आत घे, खुर्ची दे, आणि हातोडा आण. आठवण म्हणून ठेवलायस ना, सापडेल पटकन.

बाबांची,
आजपासून एकुलती एक