खोळंबलेली पंगत

आई, तुझा नियम मी घरात परत लावला आहे आणि आता कोणी कितीही रुसलं तरी मागे हटणार नाही. माणसाने ताटाकडे यायचं, ताट माणसाकडे जाणार नाही. लालबागच्या आपल्या खोलीत तू गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायचीस तेव्हा पाळीवरून सुटून आलेले सगळे भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि शेवटचा माणूस पाटावर बसल्याशिवाय पहिला घास कोणी घ्यायचा नाही. मला तेव्हा हा निव्वळ जाच वाटायचा. पोटात कावळे ओरडतायत, समोर कुळथाची पिठी वाफाळतेय आणि आपण कुणा काकाचे पाय धुऊन व्हायची वाट बघतोय.

तू न पाहिलेली तुझी नात आता विद्यापीठात शिकते. शिकते म्हणजे गेलं वर्षभर पलंगावर बसून शिकते, कारण साथीमुळे कॉलेजं बंद आहेत आणि सर लॅपटॉपमध्ये येऊन शिकवतात. तिची आई परळच्या इस्पितळात नर्स, तिला सुट्टी कसली. माझं ऑफिस घरात आलंय, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे. तू शिकवलेलं वाया गेलं नाही. तर पहिले काही महिने मी मोठ्या हौसेने मुलीचं ताट पलंगावर नेऊन द्यायचो. ‘पप्पा, क्लास चालूये, ठेवा ना तिथे,’ असं ती कॅमेरा बंद करून म्हणायची. मीही ठेवायचो. शिकणारी पोर आहे, तिला कशाला उठवा.

आणि हळूहळू तिचं जेवण विस्कटलं. सकाळचा चहा अकराला, त्यात खारी. दुपारचा भात चारला, तोही थंडगार, चार घास. उशीखाली वेफर्सची पाकिटं. काय जेवलीस विचारलं तर ताटाकडे बघून सांगायची. तिच्या वर्गात सगळ्यांचीच ही तऱ्हा, असं ती हसून सांगायची. एक मैत्रीण दिवसभर चहा-बिस्किटांवर काढते, वडाळ्याला भाड्याने राहणारा एक मुलगा किटलीत नूडल्स उकळून किटलीतूनच खातो. मीही हसलो. मग एके सकाळी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त कमी असल्याचं सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन पलंगाखाली झाडू फिरवला तर आदल्या दिवशीचं ताट निघालं, भाताला मुंग्या लागलेल्या. मी तिथेच जमिनीवर बसलो. फार घाबरलो होतो आई, आणि घाबरलेल्या माणसाला आई आठवते.

संपाच्या दिवसांतला तो साचेवाला, गिरणीत मागावर काम करणारा काका आठवला. गिरणी बंद, गावी तोंड दाखवायची लाज, म्हणून तो आपल्या गाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. त्याच्या सोबत्यांनी निरोप दिला, त्याचं ताट इथेच पाठवा. मी ताट उचललं आणि तू माझ्या हातातून काढून घेतलंस. ‘ताट थंय जावचा नाय. तेका हंय येऊ दे.’ मी म्हटलं, तो आजारी आहे. ‘तो आजारी नाय, तो खचलो हा. खाटेर ताट दिलंस तर आजारी पडात.’ मला तू दगडाच्या काळजाची वाटलीस. मग तू पदर खोचून स्वतः त्याच्या दारात गेलीस, मी मागोमाग. समजूत नाही, उपदेश नाही. ‘ऊठ रे बाबा. पान मांडलंय. सगळे तुझ्यासाठी थांबलेत,’ एवढं बोलून परत आलीस. आणि खरोखर सगळे थांबले. सगळेच संपातले, सगळेच भुकेले, पण भाताला कोणी हात लावला नाही. तो आला तेव्हा पिठीवर साय धरली होती. शेजारच्याने सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला.

मी तेच केलं. दुपारी जमिनीवर दोन ताटं मांडली आणि हाक मारली. ‘तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही.’ म्हटलं, मी थांबलोय. ‘हे ब्लॅकमेल आहे, पप्पा.’ असेल. त्या दिवशी ती आली नाही, मीही जेवलो नाही, आणि संध्याकाळी तो भात फोडणीला टाकला. दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर दाणदाण पाय आपटत आली, माझ्याकडे न बघता जेवली. पण सुकटीची कोशिंबीर दोनदा घेतली. मला तेवढं पुरे होतं. आता महिना होत आला. एखाद दिवशी अजून फुगून बसते, मीही बसून राहतो. हट्ट तुझ्याकडूनच आलाय, तिच्यातही आणि माझ्यातही.

गेल्या आठवड्यात जेवता जेवता मी तिला ही साचेवाल्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, मग तिने विचारलं, ‘मग आजी कधी जेवायची? तिच्यासाठी कोण थांबायचं?’ तेवढ्यात तिची आई ड्युटीवरून आली, आंघोळ करून ओट्यापाशी गेली आणि रोजच्यासारखी उभ्यानेच भात-आमटी कालवायला लागली. रोजच्यासारखी. मुलीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘उद्यापासून मम्मी आल्यावर बसायचं.’ तेव्हापासून आमची पंगत तीन वाजता बसते. भूक मरते, पण बसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, डब्यांच्या फडताळात वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवणार आहे. मुलीला मी उत्तर दिलं, आजी सगळ्यांच्या मागून जेवायची. पण ते मी अंदाजाने सांगितलं, आई. तुला जेवताना पाहिल्याचं मला आठवतच नाही.