वानराची ओळ

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५
धरमपेठेतला तिसरा मजला सोडून आज आम्ही नरखेड तालुक्यातल्या आमच्या नव्या संत्र्याच्या बागेत राहायला आलो. मी, पुष्पलता आणि दहा महिन्यांची उन्नती. उन्नती नुकतीच रांगू लागली आहे आणि जाऊ नये तिकडेच जाते. फळं पिवळी पडू लागली आहेत, हवा मस्त आहे.

बाग सांभाळणाऱ्या बायजाबाईंनी चहा दिला, उन्नतीला साडीची झोळी बांधली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, शेतीची वीज आठवडाभर रात्री असते, पुढचा आठवडा दिवसा. सोमवारी पाळी बदलते. विहिरीवरच्या मोटरीला ऑटो आहे, वीज आली की ती आपोआप सुरू होते. दुसरी, नाल्याकडच्या शेवटच्या ओळीची फळं तोडायची नाहीत. "ते वांदराची ओळ हाये," म्हणाल्या. सातबाऱ्यावर वानरांचं नाव कुठे आहे, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
जेसीबी लावून नाल्याकाठचे उंबर, चिंचा, मोह काढून टाकले. तिथे शंभरावर कलमं सहज बसतील. शेवटच्या ओळीची फळंही तोडून घेतली. आता वानरं खातील काय, असं बायजाबाई विचारत होत्या. त्यांनी नोकरी शोधावी, असं मी म्हटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
वानरं आली, चाळीसेक तरी असतील. एक संत्रं खातात, दहा फेकतात. कुंपणाला झटका मशीन आहे, पण त्या झटक्याने त्यांना गुदगुल्या होत असाव्यात. संध्याकाळी मशीन काढलं आणि तार थेट मोटरीच्या लाइनला जोडली. पुष्पलता नको नको म्हणत होती. या आठवड्यात वीज दिवसा आहे, वानरंही दिवसाच येतात. छान जुळून आलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
एक पिल्लू तारेला चिकटलं. त्याची आई त्याला ओढायला यायची, फेकली जायची, पुन्हा यायची. चार वेळा. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

वीज गेल्यावर पिल्लू काढलं आणि बुजगावणं म्हणून कुंपणावरच टांगलं. बायजाबाई हात जोडून म्हणाल्या, "तिचं लेकरू तिले देऊन टाका जी." इथे मेलेल्या वानराला लाल कापडात गुंडाळून पुरतात, आईच्या डोळ्यांदेखत. नाही तर ती शोधत राहते म्हणे. मी नाही म्हणालो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
कालपासून वीज रात्रीची. दिवसा तारेत जीव नाही, हे पिल्लाच्या आईला कसं कळलं कोण जाणे. पिल्लू काढून घेऊन गेली. कळप निघून गेला, ती एकटी राहिली आहे. मेलेलं पोर छातीशी धरून दिवसभर आमच्या खिडकीसमोर बसते. दगड मारला तरी हलत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला होता. झोळीच्या करकरीने जागा झालो. झोळी हलत होती आणि पुष्पलता तर विहिरीवर होती.

ती वानरीण खिडकीत बसून झोळी हलवत होती. आत उन्नती झोपलेली. उन्नतीच्या कुशीत ते पिल्लू, वाळलेलं, साडीचा काठ गळ्यापर्यंत ओढून नीट पांघरलेला.

पाला पेटवून त्यात ते जाळलं. तिच्यासमोर. ती ओरडली नाही. मला भीती वाटते आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर
झोप नाही. उन्नती रडली की बाहेरून ती हुंकार देते — आणि उन्नती गप्प होते. हसते. खिडकीकडे हात करते.

बायजाबाई काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, आता तिच्याजवळ लेकरूच नाही.

मी बागेतल्या मचाणावर. गोफण घेऊन. उतरायचं नाही.

रविवार असावा. सकाळ
लिहितो आहे, नाही तर डोळे मिटतील. किती रात्री झाल्या —

ती कुंपणापलीकडे बसली आहे. हात पुढे करून.

अंगणाचं दार उघडं. उन्नती. रांगत निघाली आहे, तिच्याकडेच. पुष्पलतेने पाहिलं, ती मागून येते आहे, हळूहळू. बरोबर. धावली तर वानरीण बिचकेल, चावेल. मीही ओरडत नाही. गोफण नको, मध्ये पोर आहे.

तार मेलेली आहे. वीज रात्रीची. तारेची भीती नाही, फक्त ती —

पाच हात राहिले. हसते आहे माझी पोर. पलीकडून ती बोटं हलवून बोलावते आहे —

उन्नतीने तार धरली. धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहि —

पुष्पलता पोचलीच. आता उचले —

विहिरीवर मोटर सुरू झाली. आपोआप. म्हणजे आज सोम