बाबांच्या बोलण्याची सोय

प्रिय धाकट्या,

तुझा जुना कॉम्प्युटर आता बाबांच्या पलंगाशेजारी आहे. तुझ्या खोलीतून हलवताना टेबलाचा पाय निखळला, त्याखाली सध्या विटेचा तुकडा आहे. स्वरयंत्र काढल्यापासून बाबांचा सगळा कारभार पाटीवर चालतो, हे तुला माहीत आहेच. पण हल्ली त्यांचा हात कापतो, अक्षर लागत नाही. मी अर्ध्या शब्दावरून अंदाज बांधते, तो चुकतो, आणि ते पाटी पुसून भिंतीकडे तोंड करतात. जन्मभर बस डेपोत खणखणीत आवाजात गाड्या पुकारलेला माणूस. त्यांचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलेलं त्यांना कसं खपावं?

टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, असं आमच्या ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याने सांगितलं. आपल्या भाषेतला आवाज फक्त नव्या आवृत्तीत आहे, आणि ती तयार मिळत नाही; मूळ कोड उतरवून आपणच बांधायची आणि बसवायची. मी हो म्हणून बसले आणि मग कपाळाला हात लावला.

कॉम्प्युटरला दिलेल्या पहिल्याच आज्ञेला उत्तर आलं, परवानगी नाकारली. बांधणी सुरू करणारी फाइल समोर दिसतेय, उघडून वाचता येतेय, पण चालत नाही. ऑफिसातून आल्यावरच्या कितीतरी संध्याकाळी, कुकर लावून, मी त्याच्यापुढे बसले. निघालं काय, तर पेनड्राइव्हवरून आणताना त्या फाइलवरची 'ही चालवता येते' ही खूण गळून पडली होती. ती परत लावली, तशी चालली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या, बाबा उशीला टेकून एकटक बघत होते. शेवटी बसवायची वेळ आली आणि पुन्हा तेच, परवानगी नाकारली. प्रोग्राम सगळ्या मशीनच्या सामाईक फोल्डरात शिरू पाहत होता आणि तिथे लिहायचा हक्क फक्त तुझ्या खात्याला. मला तू जाताना साधं खातं काढून दिलं होतंस. तुझ्या हक्काने बसव अशी आज्ञा देऊन पाहिली, तर मशीन म्हणालं, तुमचं नाव यादीत नाही, हा प्रकार वर कळवला जाईल. वर म्हणजे तुलाच ना, मला हसू फुटलं. बाबांनी पाटीवर प्रश्नचिन्ह काढलं, पण समजावून सांगायचंही त्राण नव्हतं.

तुला फोन करून पासवर्ड विचारता आला असता. पण फोन लागला की तू आधी विचारतोस, सगळं ठीक ना, आणि मी हो म्हणते. तेवढं म्हणायचाही कंटाळा आला होता रे.

शेवटी सिस्टिमवाल्यालाच गाठलं. तो म्हणाला, "ताई, सगळ्या मशीनचा हक्क हवाय कशाला? तुमच्याच फोल्डरात बसवा. सुरुवातीलाच जागा सांगायची असते, ती राहिली तुमची." रविवारी दुपारी जागा सांगून सगळं पहिल्यापासून पुन्हा बांधलं. निमूटपणे बसलं.

कीबोर्ड बाबांच्या मांडीवर दिला. एका बोटाने ते अक्षरं शोधत होते, चुकलं की खोडत होते. मी मुद्दाम पडद्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, गंमत म्हणून एखादी गाडी पुकारतील. स्पीकरमधून कुणा परक्या बाईचा सपाट आवाज आला, "तू फार दमलीस. धाकट्याला बोलावून घे. तुला जमत नसेल तर मी बोलतो त्याच्याशी." मी भांड्यांचं निमित्त करून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. फोनवर माझ्या तोंडून पुन्हा ठीक आहे असंच निघेल, म्हणून हे लिहिते आहे. ठीक नाही. बाबांना उठवून बसवताना माझी पाठ भरून येते, ऑफिसात डोळे मिटतात. रजा काढून ये. पाहुण्यासारखा चार दिवस नको, राहायलाच ये. मला झोपायचं आहे.

तुझीच,
ताई